पंख्याचा सूर चढला!

टण्ण्!

चमचा फरशीवर पडला, दोनदा उडाला आणि टेबलाखाली जाऊन गोल गोल फिरत राहिला. तिघंही जागच्या जागी थिजली. ताईचं बोट सँपलरच्या लाल बटणावर, इस्त्रीचा हात तोंडावर आणि शेपटाचा हात हवेत. चमचा निसटला होता तो त्याच हातातून!

सगळ्यांचे डोळे निजायच्या खोलीच्या बंद दाराकडे लागले. आता मावशीचं बाळ टाहो फोडणार, मग मावशी बाहेर येणार, आणि मग काही खरं नाही!

पण काहीच झालं नाही.

"वाचलो!" शेपटानं श्वास सोडला.

"वाचलो काय वाचलो! इतकं छान रेकॉर्डिंग चाललं होतं, त्यात तुझा चमचा!" ताई कुजबुजत ओरडली. कुजबुजत ओरडण्याची कला या सुट्टीत तिघांनाही चांगलीच साधली होती.

"बाळ शहाणं झालं वाटतं," इस्त्री म्हणाली. "काल नुसती माझी चप्पल वाजली तरी केवढं रडलं!"

ताई आणि तिचा धाकटा भाऊ सुट्टीला मावशीकडे आले होते. ताई जाईल तिथे तो मागे मागे जायचा, म्हणून त्याचं नाव पडलं शेपूट. पहिल्यांदा तो या नावावर चिडला, मग त्याला ते आवडायलाच लागलं. इस्त्री ही मावशीच्या घराखालच्या लाँड्रीवाल्यांची मुलगी. तिच्या फ्रॉकवर सुरकुती अजून कुणी पाहिली नव्हती, तेव्हा तिचं नाव कसं पडलं ते सांगायला नको.

आणि टेबलावर होता तो मामाचा सँपलर! मामानं सुट्टीपुरता, "पाडलात तर याद राखा" असं बजावून दिलेला. वहीएवढाच डबा. एका बाजूला पियानोसारख्या इवल्या पट्ट्या, दुसऱ्या बाजूला रबरी बटणं. तो कुठलाही आवाज गिळायचा आणि मग ज्या पट्टीवर बोट ठेवाल त्या सुरात परत द्यायचा. ड्रॉवर बंद झाल्याचा 'धप्प' घेतला, झाला ढोल! चाळणीतून घरंगळणारे मणी घेतले, झाली खुळखुळ्यांची रांग! बाळाचं रडणं घेतलं तेव्हा तर धमालच झाली. खालच्या पट्टीवर दाबलं की रेडा रेकायचा आणि वरच्या पट्टीवर मांजराचं पिल्लू ओरडायचं. मावशी इतकी हसली, इतकी हसली, की बाळ पुन्हा रडायला लागलं.

या सगळ्या आवाजांचं मिळून तिघं बाळासाठी गाणं करत होती. त्या गाण्याचा पाया होता भिंतीतला 'हूंऽऽऽ'.

खालच्या लाँड्रीत कपडे वाळवायचे मोठे ड्रायर होते. त्यांची गरम हवा बाहेर फेकणारा पंखा तळाशी बसवला होता, आणि त्या हवेची पत्र्याची जाड नळी मावशीच्या निजायच्या खोलीच्या आतून, भिंतीला लागून वर गेलेली होती. दिवसभर तिच्यातून एकच सूर यायचा. हूंऽऽऽ! मावशीला त्याची कटकट वाटायची. ताईला मात्र तो पहिल्याच दिवशी आवडला. तिनं तो रेकॉर्ड केला आणि बाकी सगळे आवाज त्याच सुराला जुळवून घेतले.

"चला, चमच्याचं नंतर बघू. आधी जेवढं झालंय तेवढं ऐकू," ताई म्हणाली. "आवाज बारीक ठेवते."

तिनं बटण दाबलं. सँपलरमधून पंख्याचा सूर निघाला. भिंतीतून खरा पंखा गातच होता. रोज हे दोन सूर एकमेकांत साखरेसारखे विरघळून जायचे.

आज मात्र आवाज आला, वाँव... वाँव... वाँव... वाँव...

"ई! हे काय?" शेपटानं कान झाकले.

"बेसूर झालंय," ताई म्हणाली. तिचे डोळे बारीक झाले आणि हळूहळू भावाकडे वळले. "शेपट्या!"

"मी हात नाही लावला!"

"सूर जुळवायची ही चक्री कुणी फिरवली मग? बाळानं?"

"खरंच नाही गं ताई! काल तू मला चिकट बोटं धुऊन यायला सांगितलंस ना, तेव्हापासून मी शिवलोसुद्धा नाही!"

"थांबा, भांडू नका," इस्त्री म्हणाली. तिच्या खिशात कायम तिचा माऊथ ऑर्गन असायचा. "हा तर काही कुणी फिरवू शकत नाही ना? पहिल्या दिवशी याचा हा सूर तुझ्या पंख्याशी अगदी तंतोतंत जुळला होता. बघू आता."

तिनं हलकेच फुंकर मारली. सँपलर आणि माऊथ ऑर्गन एकसुरात गायले. मग ताईनं सँपलर बंद केला. माऊथ ऑर्गन आणि भिंत... वाँव, वाँव, वाँव!



"म्हणजे सँपलर बरोबर आहे," ताई सावकाश म्हणाली. "पंखाच चढलाय!"

"मला सॉरी म्हण," शेपूट म्हणाला.

"सॉरी. चला खाली!"

लाँड्रीत नेहमीपेक्षा जास्त उकाडा होता. इस्त्रीचे बाबा चादरींच्या ढिगाशी झुंजत होते. दोन ड्रायर गरागरा फिरत होते.

"बाबा, पंख्याचा आवाज बदललाय!"

"बदललाय म्हणजे?"

"म्हणजे वर गेलाय. तो काल होता त्यापेक्षा जोरात फिरतोय."

"जोरात फिरतोय? मग उत्तमच की!" बाबांनी बाहीनं घाम पुसला. "मला वाटलं, बंद पडला म्हणून सांगायला आलात. हॉटेलच्या चादरी द्यायच्यात मला. तुमचं गाणं तुम्ही दुरुस्त करा, माझ्या पंख्याला कशाला नावं ठेवता? पळा!"

तिघं जिन्याशी आली. ताई पायरीवर बसली. तिच्या डोक्यातून ते 'वाँव वाँव' जाईना.

"पण पंखा आपोआप जोरात कसा फिरेल?" ती पुटपुटली.

"आईचा व्हॅक्यूम क्लीनर फिरतो तसा," शेपूट सहज म्हणाला.

"काय?"

"मी त्याला बाबांचा मोजा खायला घातला होता ना! मोजा नळीत अडकला आणि तो 'ऊंऽऽ' करत होता ना, तो एकदम 'ईंऽऽ' करायला लागला. नळीवर तळहात ठेवला तरी तस्संच होतं. मी कितीतरी वेळा..." आपण नको ते बोलून गेलो हे लक्षात येऊन तो थांबला. "म्हणजे, एकदाच."

ताई ताडकन उठली. "हवाच ओढायची नसली, की पंख्यावर ओझं राहत नाही. तो नुसताच भिरभिरतो! इस्त्री, तुमच्या नळीचं तोंड कुठे उघडतं?"

"मागच्या गल्लीत. का?"

पण ताई केव्हाच पळत सुटली होती.

मागच्या गल्लीत बांबूंची परांची बांधली होती. सकाळपासून इमारतीच्या पाठीला रंग देणं चाललं होतं. फिकट पिवळी भिंत ओली चकचकत होती. आणि तिच्यात वरती, जिथे पत्र्याची नळी बाहेर डोकावायची तिथे, निळ्या प्लॅस्टिकचा कागद तिच्या तोंडाला घट्ट गुंडाळून वरून चिकटपट्टीचे वेढेच्या वेढे दिले होते. प्लॅस्टिक फुग्यासारखं टम्म फुगलं होतं.

"ए पोरांनो, भिंतीला हात नका लावू!" परांचीवरून रंगारी ओरडला.

"काका, त्या नळीचं तोंड कुणी बांधलं?"

"मीच! आतून कपड्यांचा कापूस उडतो आणि माझ्या ओल्या रंगावर येऊन बसतो. भिंतीला दाढी फुटल्यासारखी दिसत होती! रंग वाळला की काढतो."

"अहो, पण लाँड्री चालू आहे!"

"असेना! धूरबीर दिसतोय का कुठे?"

इस्त्रीचा चेहरा धुतलेल्या चादरीसारखा पांढरा पडला.

"ताई," ती म्हणाली, "आमचे ड्रायर गॅसवर चालतात. गॅस जळून झालेली हवाही याच नळीतून जाते. तिला ना रंग असतो, ना वास. पण ती विषारी असते. बाबा नव्या माणसाला पहिली गोष्ट हीच सांगतात, नळी बंद तर ड्रायर बंद."

"मग आत्ता ती हवा कुठे जातेय?" शेपटानं विचारलं.

ताईची नजर नळीच्या तोंडापासून खाली खाली सरकली. नळी जुनी होती, खोलीतल्या तिच्या सांध्यांवर गंज चढला होता; हवा तिथूनच आत झिरपत असणार! आणि नळीच्या तोंडाखालीच निजायच्या खोलीची खिडकी होती. रंगाचा वास येतो म्हणून मावशीनं सकाळीच ती गच्च लावून घेतली होती. डोकं जड झालंय, जरा पडते, असंही ती म्हणाली होती.

"चमचा पडला," ताई म्हणाली. "चमचा पडला तरी बाळ उठलं नाही!"

"पळा!" इस्त्री किंचाळली. "तुम्ही वर जा! मी ड्रायर बंद करते!"

ताई जिना कशी चढली ते तिला कळलंच नाही. शेपूट अर्थातच तिच्या मागोमाग होता. घरात शिरताच तिनं निजायच्या खोलीच्या दारावर दोन्ही हातांनी थापा मारल्या.

"मावशी! मावशी, दार उघड!"

आतून कडी होती. शेपूट सारखा आत घुसून बाळाच्या पायाची बोटं मोजतो म्हणून मावशी हल्ली कडी लावूनच झोपायची.

"मावशीऽऽ! ऊठ ना गं!"

आत काही हललं नाही. भिंतीतला सूर तेवढा येत होता. ताईनं दाराला खांदा दिला. दार थोडंसुद्धा हललं नाही. शेपूट धावत समोरच्या घराची बेल वाजवून आला. तिथे कुलूप होतं. मग त्यानं दाराला लाथा मारल्या, ओरडून ओरडून त्याचा घसा बसला. एरवी या घरात पेला आपटला तरी मावशी "शूऽऽ!" म्हणत बाहेर यायची. आज ते "शूऽऽ" ऐकायला ताईनं काय वाटेल ते दिलं असतं!

"ती उठत का नाही? ताई, मावशी उठत का नाही?" शेपूट रडायला लागला.

त्याचं रडणं ऐकलं आणि ताई वळली.

टेबलावर सँपलर होता.

"शेपट्या, रडू नको, ती टीव्हीच्या मोठ्या स्पीकरची वायर दे! लवकर!"

घाईत वायरचं टोक भोकात बसेना. एकदा चुकलं. दुसऱ्यांदा बसलं. तिनं स्पीकर ओढत दाराशी आणला, तोंड दाराकडे केलं आणि आवाजाची चक्री पार शेवटापर्यंत फिरवली. आता बटण कुठलं? हा ढोल. हे मणी. हे नाही, हेही नाही... हे!

"ट्याँऽऽहाँऽऽ! ट्याँऽऽहाँऽऽ!"

बाळाच्या रडण्यानं घर दणाणून गेलं. खिडक्यांच्या काचा थरथरल्या. या वेळी ताईनं कुठली गंमत केली नाही. बाळ जसं रडायचं, अगदी त्याच पट्टीवर बोट ठेवलं.

"ट्याँऽऽहाँऽऽ!"

काही नाही.

"पुन्हा!" शेपूट ओरडला. "पुन्हा लाव!"

"ट्याँऽऽहाँऽऽ! ट्याँऽऽहाँऽऽ! ट्याँऽऽहाँऽऽ!"

आत काहीतरी धप्पकन पडलं. मग पाय घासत चालल्याचा आवाज. भिंत चाचपडल्याचा आवाज. कडी एकदा खडखडली, पुन्हा खडखडली, आणि सरकली.

दारात मावशी उभी होती. चौकटीला धरून, अर्धवट मिटलेल्या डोळ्यांनी. तिनं रिकामे हात पुढे पसरले.

"बाळ... का रडतंय गं? कुठंय बाळ? दे इकडे..."

"शेपट्या, मावशीला बाहेर ने! खाली, मोकळ्यावर! सोडू नको तिला!"

ताईनं छाती भरून श्वास घेतला, तो तसाच धरून ठेवला आणि ती आत धावली. बाळ पलंगावर निवांत झोपलं होतं. गाल लालबुंद. तिनं उचललं तर त्याची मान तिच्या खांद्यावर भिजल्या टॉवेलसारखी पडली. एरवी जागं करणाऱ्याच्या नाकावर मूठ मारणारं बाळ ते! ताईनं मागं वळून पाहिलं नाही. छातीशी बाळ धरून ती जिना उतरत गेली, आणि रस्त्यावर आल्यावरच तिनं श्वास सोडला.

खाली एकच गोंधळ होता. ड्रायर थांबलेले होते. "बाबा, ड्रायर बंद करा!" असं इस्त्रीनं दोनदा सांगितलं, तेव्हा बाबा "या चादरी झाल्या की बघतो" म्हणाले. मग तिसऱ्यांदा तिनं सांगितलंच नाही. सरळ जाऊन गॅसचा कॉक बंद केला आणि त्याच्यासमोर हात पसरून उभी राहिली! बाबा खवळले. "नळी बंद तर ड्रायर बंद! तुम्हीच सांगता ना?" ती म्हणाली, आणि त्यांचा हात धरून त्यांना ओढत गल्लीत घेऊन गेली. तो फुगलेला निळा फुगा पाहिला मात्र, बाबा असे धावले की परांचीवरच्या रंगाऱ्याआधी तेच नळीपाशी पोहोचले. प्लॅस्टिक टराटरा फाडताना ओल्या भिंतीवर त्यांच्या दोन्ही पंजांचे ठसे उमटले. रंगारी दुसऱ्या बाजूनं चिकटपट्टी ओढत होता.

आता मात्र सगळे पायरीभोवती जमले होते. कुणीतरी फोन करून रुग्णवाहिका बोलावली होती. मावशी भिंतीला टेकून बसली होती, शेपटानं तिचा हात घट्ट धरला होता. ताईच्या मांडीवर बाळ होतं.

"बाळा," ताई म्हणत होती, "ए बाळा, रड ना! रड की रे!"

वारा आला. बाळाच्या कपाळावरचं जावळ हललं.

बाळानं नाक मुरडलं. ओठ वाकडे केले. आणि मग, आधी बारीक, मग मोठ्यानं, मग असं काही रडायला लागलं की पलीकडच्या गल्लीतले लोक खिडकीत आले! या रडण्याला कुठलंही बटण नव्हतं. मावशीनं हात पुढे केले आणि ताईनं बाळ तिच्याकडे दिलं. मग ताईसुद्धा रडायला लागली, आणि ते पाहून इस्त्रीही. तिच्या फ्रॉकचा पार बोळा झाला होता.

दवाखान्यात मावशीला आणि बाळाला प्राणवायूची नळी लावली. संध्याकाळपर्यंत बाळ ती नळी ओढून काढायच्या मागे लागलं, तेव्हा डॉक्टरीणबाई हसल्या.

"आता धोका नाही. उद्या घरी जा," त्या म्हणाल्या. "पण आणखी थोडा उशीर झाला असता ना, तर... मला सांगा, नळी बंद आहे हे कळलं कुणाला? या हवेला तर वासच नसतो!"

"आम्ही ऐकलं," इस्त्री म्हणाली.

अग्निशमन दलाचे साहेबही आले होते. मावशीच्या खोलीतली हवा त्यांनी यंत्र लावून तपासली होती. पंख्याचा सूर, माऊथ ऑर्गन, मोजा खाणारा व्हॅक्यूम क्लीनर, सगळं त्यांनी नीट ऐकून घेतलं. टोपी काढून काखेत धरली आणि तिघांशी एकेक करून हात मिळवला. शेपटाशी सगळ्यात शेवटी, पण सगळ्यात जास्त वेळ.

"आमच्या यंत्रानं खोलीत गेल्यावर सांगितलं. तुम्ही बाहेर बसून ओळखलंत," ते म्हणाले. "शाबास रे पोरांनो!"

दाराशी लाँड्रीवाले आणि रंगारी खाली मान घालून उभे होते. "मी काय म्हणालो माहितेय?" इस्त्रीचे बाबा मावशीला म्हणाले. "जोरात फिरतोय, मग उत्तमच की! पोरीनं दोनदा सांगितलं मला. दोनदा!" साहेबांनी नळीचे सांधे बदलेपर्यंत लाँड्रीला टाळं लावलं होतं, पण त्याबद्दल ते चकार शब्द बोलले नाहीत. त्यांनी इस्त्रीला जवळ ओढलं आणि तिच्या चुरगळलेल्या फ्रॉकवरून उगाचच हात फिरवत राहिले.

सगळे पांगले. खोलीत मावशी, बाळ आणि पलंगाच्या कडेला चिकटून बसलेली तिघं राहिली. मावशीनं ताईच्या केसांतून हात फिरवला.

"तुम्ही दार वाजवलंत, हाका मारल्यात म्हणे. मला त्यातलं काहीच आठवत नाही," ती म्हणाली. "बाळ रडतंय, एवढंच ऐकू आलं. खूप लांबून. मग मी उठले."

शेपूट बाळाच्या इवल्या तळव्याकडे एकटक बघत होता.

"मावशी," तो म्हणाला, "बाळ तर तुझ्या कुशीतच होतं ना? मग सँपलरमधल्या रडण्यामागे तू दाराबाहेर का आलीस?"